पाटोद्याचा निष्ठावंत

आमच्या शेजारच्या फळवाल्या चाचांइतका निष्ठावंत माणूस पाटोद्याच्या बाजारात झाला नाही, आणि निष्ठेपायी एवढं वाटोळंही दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नाही. माझं कटलरीचं दुकान आणि त्यांचा गाडा यांच्यात एक गटार आहे, त्यामुळे मी हे अधिकारानं सांगू शकतो. चाचा चौथीतून शाळा सोडलेले. कॉलेजच्या इमारतीत त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. पण तिथल्या कबड्डीच्या टीमला ते ‘आमचं कॉलेज’ म्हणतात, आणि ते असं म्हणतात की प्राचार्यांनासुद्धा आपण भाडेकरू आहोत असं वाटावं. टीमच्या बनियनचा रंग निळा, म्हणून गाडा निळा. गाड्यावरचं छप्पर निळं. एकदा हौसेनं संत्र्यांच्या टोपलीखाली निळा कागद घातला, तर संत्री सडल्यासारखी दिसायला लागली आणि दोन दिवस कुत्रं फिरकलं नाही. तरी कागद काढला नाही.

मॅचच्या दिवशी गाड्यावर ताडपत्री पडायची आणि चाचा ग्राउंडवर जाऊन पंचाच्या पाठीमागं बसायचे. तिथून त्याला सल्ला. “चश्मा बदल बे, पाय लाईनच्या आत हाय!” पोरीच्या लग्नाची बोलणी करायला घाटाखालचे पाहुणे आले, तेव्हा हुंडा, घर, कामधंदा राहिला बाजूला, यांनी नवऱ्या मुलाला पहिलं काय विचारलं, तर मॅच असली की तू कुणाच्या बाजूनं ओरडतोस? मुलगा हुशार. “पाटोद्याच्या,” म्हणाला. लग्न जमलं. तो जावई आजही सासरी येताना निळा शर्ट घालतो बिचारा.

पण गेल्या काही वर्षांत खेळाचं सगळंच बदललं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम जशी आगाऊ रक्कम देतो, उचल म्हणतात तिला, तशी आता श्रीमंत कॉलेजं खेळाडू पोरांना द्यायला लागली. दर महिन्याला पैसे, राहणं फुकट, बूट फुकट. जून आला की आमची चांगली पोरं दाखला काढून दुसरीकडं प्रवेश घ्यायची. पोरगं गेलं की चाचा मयताची बातमी ऐकल्यावर म्हणतात ते अरबीतून म्हणायचे आणि गाडा झाकायचे. मी म्हणायचो, “चाचा, पोरगा मेला नाही, बी.ए. सेकंडला गेलाय.” ते माझ्याकडं असे बघायचे, जसं काही मीच त्याला पोचवून आलो.

नामदेव गेला तेव्हा मात्र माझीही थट्टा करायची छाती झाली नाही. चढाईला गेलेला नामा मोकळा परत येणार, यावर अख्खं गाव पैज लावायचं. त्याचा डावा गुडघा कच्चा होता. टीममधून काढतील म्हणून त्यानं ते सरांपासून, सोबतच्या पोरांपासून सगळ्यांपासून लपवलेलं. ठाऊक फक्त चाचांना, कारण प्रॅक्टिस झाली की गाड्यामागच्या खोक्यावर बसवून तेच त्याला तेल चोळून द्यायचे. तोंडानं शिव्या चालू, पण हात मऊ. घाटाखालच्या कॉलेजनं त्याला उचललं, तेव्हा तो स्वतः सांगायला आला.

“चाचा, आई-बापाला यंदा उसाला जाऊ द्यायचं न्हाई मला. लई थकलेत. तिकडं पैसे देतेत.”

चाचांनी अरबीतले ते शब्द म्हटले आणि त्याच्या देखत गाडा झाकला. नामा थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

दिवाळीच्या आधी तो खेळायला आला तो आमच्याच ग्राउंडवर, आमच्याच विरुद्ध, लाल बनियन घालून. मॅच अटीतटीची. शेवटच्या चढाईला नामा आत शिरला, आमचा एक गडी बाद केला आणि वळला. माझ्या शेजारी चाचा उठून उभे राहिले. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, आवाज ऐकू आला.

“डावा गुडघा धरा बे! डावा कच्चा हाय त्याचा!”

आमच्या कोपऱ्यातल्या गड्यानं ऐकलं. गुडघ्यालाच मिठी मारली आणि वर सगळी टीम पडली. मॅच आम्ही जिंकलो. कॉलेजला ढाल मिळाली, पोरं नाचली. नामाला चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं. चाचा जागेवरच उभे होते. मी हाताला धरून त्यांना गाड्यापर्यंत आणलं.

पाय चालण्यापुरता होईल, खेळणं विसरा, असं डॉक्टरनं सांगितलं. घाटाखालचे साहेब दवाखान्यात येऊन फोटो काढून गेले, आणि पैसे त्याच महिन्यापासून बंद. नामाच्या जागी त्यांनी दुसरा पोरगा आणला. दिवाळी झाली, आणि नामाचे आई-बाप मुकादमाची उचल घेऊन इतरांबरोबर ट्रकमध्ये चढले. प्लास्टरमधला पाय घेऊन नामा गावात एकटा राहिला.

चाचा आता रोज दुपारी डबा घेऊन त्याच्याकडं जातात. पहिल्या दिवशी गेले ते मार खायच्या तयारीनं. परत आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले.

“त्याला ठाऊक हाय, अप्पा. माझा आवाज वळखला त्यानं.”

“मग? काय म्हणाला?”

“म्हणला, चाचा, ढाल आपल्याकडंच आली ना? मी म्हणलो, आली. तर म्हणला, बरं झालं. आन् जेवायला बसला.” चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “एक शिवी घातली असती त्यानं, तर मला घास गेला असता.”

आमची टीम या वर्षी म्हणे फार पुढं जाईल. मॅच असली की मी एकटाच जातो. परत येताना गाड्यापाशी थोडा रेंगाळतो, पण निकाल काय लागला हे चाचा विचारत नाहीत, आणि मीही सांगत नाही.