इशाची साडेसाती मी उतरवली नाही

मुलांनो, त्या शनिवारी माझी श्रद्धा डळमळली होती आणि देवाचा रागही आला होता. तुमची इशाताई दुसऱ्या फळीतल्या व्यावसायिक टेनिसपटूंच्या वर्षअखेरच्या अजिंक्यपद स्पर्धेत खेळत होती. वर्षभर देशोदेशी लहान स्पर्धा खेळून जे वरच्या आठांत येतात, त्यांनाच तिथे बोलावणं असतं. गटातले पहिले दोन सामने ती हरली. तिसरा जिंकूनही पुढे जाता येणार नव्हतं. सकाळी तिचा फोन आला, "आजी, तिसरा खेळत नाही. टेनिसच सोडते. दुसऱ्या फळीतच म्हातारी होईन मी."

इथे शेवगावात शेजारणींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं की पोरीला साडेसाती आहे. शिंगणापूरला तेल वाहिलं की उतरेल. मी शिंगणापूरला गेले, पण हात हलवीत.

"आजी, तेल घ्या. साडेसाती उतरंल," दुकानातली बाई म्हणाली.

"उतरवायची नाही."

"मंग आलाय कशाला?"

"भांडायला."

ती खळखळून हसली. "भांडा की! त्यो काय पळून जातोय व्हय? उन्हापावसात उभा हाय, छप्पर बी न्हाई मागत कुनाला."

रांगेतून पुढे सरकताना मी मनात तक्रारी नीट क्रमाने लावल्या होत्या. पण उघड्यावरची ती काळी शिळा समोर आली आणि तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, तिचे कष्ट कमी करू नकोस. जिंकवूही नकोस. फक्त तिला मैदान सोडू देऊ नकोस. पुढचं तू आणि ती बघून घ्या, मी मधे पडणार नाही.

बाहेर येऊन चपला घालते तोच फोनवर तिचा निरोप आला: "खेळतेय. का ते विचारू नकोस." मी कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मीही तिला आजवर काही विचारलेलं नाही.

तीन सेट झुंजून ती हरली. नंतर फोनवर आवाज बसलेला, पण ठणठणीत. "हरले गं. पण समोरचीचा घाम काढला! सोमवारपासून सराव."

शरण गेले म्हणजे मी मान खाली घातली, असं समजू नका. निकालावरचा हक्क तेवढा सोडला. तो सोडायला लावल्याबद्दल शनिदेवाची मी ऋणी आहे. आणि कोणी तुमच्या ताईला दुसऱ्या फळीतली म्हणालं, तर ताठ मानेने सांगा: हो, आहे. उद्याही खेळणार आहे.