दोन तास पंचेचाळीस

गेल्या हिवाळ्यात अकोल्याची अर्धमॅरेथॉन मी तीन तास दहा मिनिटांत संपवली. शेवटचे चार किलोमीटर तर चालतच आले. पाण्याची टेबलं टेम्पोत चढत होती आणि अकोल्यातच राहणारी माझी मोठी बहीण माझा स्वेटर धरून रस्त्याच्या कडेला एकटीच टाळ्या वाजवत होती. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते.

यंदा पावसाळा संपता संपता ठरवलं, की या वेळी चालायचं नाही. अमरावतीला माझ्या ऑफिसात एक सहकारी बऱ्याच वर्षांपासून पळतात. त्यांनी मला आठवड्यांचा तक्ता आखून दिला आणि वर ठळक लिहिलं, दोन तास वीस मिनिटं. "होते मॅडम, काही कठीण नाही." मीही हुरळले. तिसऱ्याच आठवड्यात नडगी अशी ठणकायला लागली, की ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागे.

बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "हे दोन वीस कोनाचे हायत वं? तुहे, का त्या मानसाचे?"

"त्यांनीच काढून दिले."

"मंग त्यायलेच पळू दे ना. तू कावून लंगडून राहिली?"

मला हसू आलं, पण तिचं म्हणणं खरं होतं. दहा दिवस पळणं बंद ठेवलं. मग तक्त्याच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हातानं लिहिलं : दोन पंचेचाळीस, एकही पाऊल न चालता. नडगी दुखली तर त्या दिवशी सुट्टी, हेही लिहून टाकलं. सहकाऱ्यांना दाखवलं तेव्हा ते जरा खट्टू झाले. "बरं, पण चढावरचा सराव सोडू नका," एवढंच म्हणाले. ते मात्र मी ऐकलं.

दर रविवारी सकाळी छत्री तलावाच्या रस्त्यानं जायला लागले. पुढे जाणाऱ्यांना जाऊ द्यायचं आणि आपली चाल सोडायची नाही, हे शिकायला सगळ्यात जड गेलं. गेल्या रविवारी अठरा किलोमीटर झाले, दोन तास अठरा मिनिटांत, चढावरसुद्धा न थांबता. एकवीसमधले उरलेले तीनही जमले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. परतताना हातगाडीवरची वरूडची दोन संत्री तिथंच उभ्यानं सोलून खाल्ली आणि बहिणीला फोन लावला.

"आज नाव नोंदवते गं."

ती म्हणाली, "पाच किलोमीटरवालीबी असते ना?"

"असते. का?"

"माहंबी नाव टाक. मी चालनार हाय, पळनार नाई."

"आणि वेळ किती धरलीस?"

"वेळगिळ काई नाई. मधात कुठी बसाचं नाई, इतकंच."