सात दुखणी, सात कोंबडे

आता तुम्हाला हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाबांनो, कारण शेवटाला मला स्वतःला हसू येत नाही. घोटाळा सगळा माझाच. तोही नुसत्या तोंडानं केलेला!

झालं असं, की आमच्या वस्तीवर काळी कोंबडी खुडूक बसली. सुंदरानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. नऊ पिल्लं निघाली. आम्ही खूश! पण पिल्लांना तुरे फुटायला लागले तसा आमचा चेहरा पडत गेला. नवांत आठ कोंबडे! आधीच्या तीन कोंबड्या आणि ही नवी एक. म्हणजे बायका चार आणि नवरे आठ. कसा चालायचा संसार?

दिवसभर ते कोंबड्यांच्या मागं. बिचाऱ्यांच्या पाठीवरची पिसं गेली, कातडं उघडं पडलं. काळी तर बाजेखालून बाहेरच यायची नाही. दाणे टाकले तरी आधी मान काढून बघायची, कोण उभं आहे ते. अंडी बंद. सुंदरा रोज तिला मांडीवर घेऊन पाठीला हळद-तेल लावायची. काळीवर तिचा लई जीव.

"अवो, एक ठिवा आन् सात काढा की," ती म्हणायची. "न्हायतर माजी काळी जाईल."

"काढतो की."

"कवा?"

"काढतो म्हणलं न्हवं!"

पण ते आठही माझ्या हातावरचे दाणे खायचे हो. ज्या हातानं चारलं, तोच हात मानेवर कसा ठेवायचा? तुम्हीच सांगा.

आमचा दत्ता चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला. सुट्टीला घरी आला की त्याला रस्सा पाहिजे. त्यानं एक तांबडा कोंबडा धरला. माझ्या तोंडातून गेलं, "त्यो न्हाय! त्यो मरीआईला बोललोय."

आमच्याकडं कोंबडा देवीला बोलला म्हणजे नवस झाला. मग त्याला कोण हात लावणार? दत्तानं सोडला लगेच.

"कशापायी बोलला, आबा?"

"गुडघ्यापायी. लई ठणकतोय."

पुढच्या सुट्टीला त्यानं दुसरा धरला.

"त्योबी बोललोय."

"आता ह्यो कशापायी?"

"डोळ्यापायी."

मग काय! खोकला, कंबर, कान, पोटातला गोळा. दर सुट्टीला एक कोंबडा वाचायचा आणि मला एक दुखणं लागायचं. सातवा धरला तेव्हा दुखायला अंगात जागाच उरली नव्हती. मी म्हटलं, "छातीत कळ येतीया."

मला वाटलं, काय डोकं चाललंय माझं! पण मी कोंबडे मोजत होतो आणि सुंदरा माझी दुखणी मोजत होती. तिनं नातेपुत्याला लेकीला फोन केला. दुसऱ्या दिवशी मंगल दारात हजर, ती रडतच.

"आबा, येवढं दुखतंय आन् आमाला एका शब्दानं सांगितलं न्हाय? देवीला तेवढं सांगितलं!"

"आगं, काय दुखत न्हाय मला."

"बघ आई! अजून लपवत्यात!"

दोघा पोरांनी मला गाडीत घालून सोलापूरला नेलं. रक्त घेतलं, छातीला वायरी लावल्या, डोळ्यांत बॅटरी मारली. डॉक्टर म्हणाले, "काही नाही झालेलं. आजोबा ठणठणीत आहेत."

सुटलो, म्हटलं. कुठलं सुटतोय! घरी येऊन सांगितलं तशी सुंदरानं अंगणातच हात जोडले. "पावली गं बाई! सातीच्या साती दुखणी पळवली आईनं! आता मंगळवारी साती कोंबडं फेडायचं."

बघा! जे वाचवायला खोटं बोललो, त्यांची मान मीच सुरीखाली नेऊन ठेवली. मग मात्र मला राहवेना. चौघं चहाला बसलो होतो, तिथंच सांगून टाकलं.

"सुंदरे, मी कुणाला काय बोललोच न्हवतो. कोंबडं कापवत न्हवतं म्हणून थाप मारली."

दत्ता फिसकन हसला. मंगलनं कपाळावर हात मारून घेतला. सुंदरा मात्र हसली नाही.

"म्हंजी तुमचं काय बी दुखत न्हवतं?"

"न्हाय."

"छातीत कळ?"

"न्हाय गं."

ती वाकून बाजेखाली बघायला लागली. मग म्हणाली, "पर मी बोलले हुते की. तुमी छातीचं म्हणला त्या दिशी. ह्येंला बरं वाटू दे, माजी काळी तुला देते म्हणून."

मी चहाचा कप खाली ठेवला हो.

"आगं, पर मी आजारीच न्हवतो!"

"मला कुटं ठावं हुतं?"

"काळीला ऱ्हाऊ दे. माजे साती दे."

"बोलले ती काळी. बदलून द्यायला ते काय दुकान हाय व्हय?"

मंगळवारी काळीला मीच काखेत धरून मरीआईच्या देवळात नेलं. सुंदराला उचलवली नाही. वाटेत, लई दिवसांनी, काळीच्या मागं कुणी लागलेलं नव्हतं. माझ्या दंडावर मान टाकून डोळे मिटून पडली. त्या दिवशी रस्सा दत्तानं आणि जावयानं खाल्ला. आम्ही दोघांनी ताकभात.

खोट्या नवसाचे सात जगले, खऱ्या नवसाची एक गेली. आणि हिशोब बघा, आता कोंबडे आठ आणि कोंबड्या तीन! आधी निदान चार तरी होत्या.

परवा दत्ता सुट्टीला आला. मी बाजेवर बिडी ओढत बसलो होतो. कोंबड्यांच्या मागची पळापळ बघून तो म्हणाला, "आई, आता तरी जास्तीचा एक कोंबडा काढू का?"

सुंदरा सुपातलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काढ की. पर त्या आठांतला नगं. जास्तीचा त्यो बघ, बाजंवर बिडी वडत बसलाय."