सुनंदाचा पेढा, आमचा रस्सा

मंडळी, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. सुनंदानं दिलेला पेढा कडक निघाला.

पेढा कशाचा? आपापल्या वस्तीतल्या बायकांना पाण्यासाठी संघटित करायला तिच्या आणि माझ्या संस्थेनं एकाच फाउंडेशनकडे अर्ज केलेला. अनुदान तिला मिळालं. आमच्या वस्तीचं काम अडलं.

फाउंडेशनकडून पाहणीला आलेल्या साहेबांना आम्ही तांबडा-पांढरा रस्सा इतक्या आग्रहानं वाढला, की ते ऑफिसातच झोपले. वस्ती बघायची राहिली. सुनंदानं नुसता चहा पाजून त्यांना थेट बायकांच्या बैठकीत बसवलं.

"जळतंय व्हय, दादा?" तिनं विचारलं.

"न्हाय की! पेढाच कडक हाय."

तुम्ही तरी पावण्याला उपाशी ठेवलं असतं का?

त्या रश्श्यासाठी तिच्याकडूनच आणलेलं मोठं पातेलं मघाशी घासून, आवाज न करता तिच्या दारात ठेवून आलो.