रजिस्टरमधली लाल वर्तुळं

मंडळी, ही पोस्ट डाव्या हाताने टाइप करतोय. उजव्याला बँडेज आहे.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये इंग्रजीतच लिहायचं, असा नियम आहे. काल दुसऱ्या शिफ्टला चामटोलीच्या काशिनाथदादांनी लिहून ठेवलं होतं, की गरम पाण्याच्या पंपाचं सील गळतंय, चालू करू नका. इंग्रजी मोडकंतोडकं, पण अर्थ कोणालाही कळेल असा.

आज सकाळी रजिस्टर जागेवर नव्हतं. मी रोजच्यासारखा पंप चालू केला आणि उकळतं पाणी थेट हातावर आलं.

रजिस्टर सापडलं साहेबांच्या टेबलावर. दादांच्या नोंदीत लाल पेनने वर्तुळं आणि खाली शेरा, 'इंग्रजी सुधारा'. चुका सगळ्या दिसल्या, पण सील गळतंय हे एकालाही सांगितलं नाही! विचारलं तर म्हणे, "ग्रामरचे रूल फिक्स असतात रे."

दुपारी याच साहेबांनी ग्रुपवर सेफ्टीचा मेसेज टाकला. त्यात ढीगभर चुका. एकाने दाखवल्या, तर लगेच, "अरे, समजलं ना? इंग्लिश फ्लेक्सिबल आहे, चलता है."

म्हणजे साहेबांचं इंग्रजी समजून घ्यायचं आणि दादांचं नुसतं तपासायचं? तुमच्याकडेही हेच चालतं का?

सुटताना कामावर येणारे काशिनाथदादा गेटवर भेटले. माझा हात बघून म्हणाले, "मला नीट इंग्लिश आलं असतं ना, तर तुझा हात वाचला असता रं."