शेवरलेटमधून आलेली जाऊ

मुरुमपासून दोन कोसांवरच्या गावात द्वारकाबाई आबारावांची थोरली सून म्हणून आली ती बैलगाडीतून, आणि त्याबद्दल तिची काडीचीही तक्रार नव्हती. सगळ्याच बायका तशा यायच्या. तक्रार सुरू झाली ती धाकटी जाऊ आल्यावर.

मधे बहात्तरचा दुष्काळ पडला. मुरुमचा रस्ता दुष्काळी कामात झाला आणि आबारावांच्या घरातलीही माणसं कामावर गेली. विहीर आटल्यावर मोठेपणा काय पिऊन राहायचा? द्वारकाबाईनं त्या रस्त्याची खडी फोडली. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आणि काही वर्षांनी त्याच रस्त्यावरून धाकटी जाऊ अयोध्या आली, पोटातलं पाणी हलू न देता, महांतप्पा आडत्याच्या शेवरलेटमधून.

ही शेवरलेट अमेरिकेची. महांतप्पाच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत हैदराबादहून आणलेली. म्हशीसारखं रुंद नाक, आत गुबगुबीत गादी. चढाला तापायची, मग ड्रायव्हर उतरून तिला घागरभर पाणी पाजायचा. पण पंचक्रोशीत लग्नाची मोटार म्हणजे तीच. तिच्यातून उतरलेल्या सुनेकडं गाव वेगळ्याच नजरेनं बघायचं.

"तेर काय शेजारी हाय व्हय? बैलगाडीनं नवरी आनायला किती दिस लागत्याल?" असं आबाराव अयोध्येच्या माहेराबद्दल म्हणाले होते. बोलणं खरं होतं. पण खरं कळलं म्हणून जळफळाट थोडाच थांबतो?

तेरहून वरात निघाली तेव्हा नवरानवरी शेवरलेटमध्ये आणि द्वारकाबाई मागच्या ट्रकात, पुढच्या फळीला धरून उभी. मोटारीनं उडवलेली धूळ तिनं वाटभर खाल्ली, पण मोटारीवरची नजर काढली नाही.

तेव्हापासून घरात धाकटीचं नाव पडलं मोटारवाली. भाकरी करपली की थोरली म्हणायची, "मोटारीतल्या बायांना चूल कुठनं म्हाईत?" अयोध्या उलटून एक शब्द बोलायची नाही. त्यानं तर द्वारकाबाई जास्तच पेटायची. भांडणारी जाऊ परवडली, पण ही गप्प राहून घरादाराची लाडकी होत चालली होती. द्वारकाबाईला एवढंच हवं होतं: एकदा त्या मोटारीत बसायचं, तेही पुढं, आणि अयोध्येला मागं बसवायचं. हे नवऱ्याला सांगायची मात्र तिला लाज वाटायची.

योग आला तो साखर कारखान्याच्या निवडणुकीत. आबाराव संचालकपदाला उभे राहिले. सुनांच्या नावानं त्यांनी शेअर घेऊन ठेवले होते, सुनांपेक्षा मतांवर जीव म्हणून. मतदान मुरुमला होतं आणि घरातल्या बायकांना न्यायला महांतप्पानं शेवरलेट धाडली.

द्वारकाबाई ठेवणीतलं इरकल नेसून बाहेर आली आणि सरळ पुढं जाऊन बसली. "तू मागं बस," ती अयोध्येला म्हणाली. "तुझी हौस झालीया एकदा." मोटार वेशीतून निघाली. पाराजवळच्या बायका बघतात की नाही ते तिनं मान वळवून नीट पाहून घेतलं. बघत होत्या. आणि त्याच वेळी मागून हुंदका ऐकू आला.

द्वारकाबाईचं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांनी मिळालेलं एवढंसं सुख, तेही हिनं नासवलं. चढाला मोटार तापली, ड्रायव्हर घागर घेऊन विहिरीकडं गेला, तशी ती वळली. "काय झालं गं रडायला?"

"आक्का, त्या दिशी ही मोटार भुर्रकन निघाली," अयोध्या म्हणाली. "म्या मागं बघितलं तर नुसता धुराळा. आय दिसलीच न्हाय. पंचमीला म्हायेरी जायच्या आदीच ती गेली. भावाला इचारलं, तर तो मांडवातच व्हता. तुमी मागच्या ट्रकात व्हता. तुमाला दिसली का वो?"

"मग इतकी वरसं का न्हाय इचारलं?"

"तुमी सदा रागात. धीर झाला न्हाय."

द्वारकाबाईला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. मोटारीवरचे झेंडूचे हार, मागचे लाल दिवे, काचेतून दिसणारा अयोध्येचा शालू. अयोध्येची आई कुठं होती, ते तिनं बघितलंच नव्हतं. मोटारीपुढं तिला दुसरं काही दिसलंच नव्हतं.

"दिसली की," ती म्हणाली. "धुराळ्यातनं चालत आली. बाया म्हनत व्हत्या, फिरा आता माघारी, पर ती शिवंपत्तोर आली. डोईवरचा पदर पडलेला, त्याचं बी ध्यान न्हवतं. मग बाभळीला धरून हुबी राह्यली. आमी दिसंनासं होईस्तोवर."

"वढ्याजवळची बाभळ?"

"तीच असंल."

अयोध्येनं डोळे पुसले. तिचा चेहरा असा निवला, की द्वारकाबाईला बघवेना.

बाभळीला धरून उभी राहिलेली ती बाई द्वारकाबाईची स्वतःची आई होती. लेकीच्या बैलगाडीमागं ती शिवेपर्यंत चालत आली होती, आणि द्वारकाबाईनं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरनं पाणी ओतलं, शेवरलेट पुन्हा सुरू झाली. पुढच्या गादीवर बसलेल्या द्वारकाबाईला मागच्या अयोध्येचा परत हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. तिची शिवेवरची आई आता अयोध्येची झाली होती.