‘अनागोंदी’ वगळून लिहिलेला अर्ज

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि अव्यवस्थेचे वर्णन करणारे जेवढे शब्द माझ्या संग्रही आहेत, तेवढे पुण्यातील पदवीधरांपाशीही नसावेत, हे नमूद करणे मला प्राप्त आहे. कचेरीबाहेर वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून ते जमवले. कामात जीव नसला तर ढिसाळपणा. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसला तर सावळागोंधळ. आणि नियमच कोणी मानीत नसेल, तर अनागोंदी. हा भेद मी कटाक्षाने पाळतो.

गेल्या वर्षी मांजरी गावच्या एक बाई आल्या. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता; जातीचा दाखला दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत दिला नाही तर जागा जाणार होती, आणि दाखल्याचे कागद कचेरीत सापडत नव्हते. मी तत्काळ पेन उघडले. ‘भोंगळ, ढिसाळ व अनागोंदी कारभारामुळे’ असा आरंभ करून पान भरले.

सहीपूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा, हा आमच्या व्यवसायाचा दंडक. मी वाचला.

“लई भारी लिवलंय, भाऊ,” बाई म्हणाल्या. “पन ह्यात माझा कागुद कुठं हाय?”

“बाई, आपण कारभारावर ताशेरे ओढतो आहोत.”

“ओढा की. कागुद घेनाऱ्या त्याच म्याडमपुढं आत्ता मला उभं ऱ्हायचंय. तुमी येताय का संगं?”

मी अर्ज खाली ठेवला. मग त्यांनीच सांगितले : मंगळवारी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर कागद दिले, तेवढ्यात म्याडमना फोन आला, त्यांनी ते खडकवासल्याच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि बोलता बोलता दोरी बांधली.

“हे आधी का नाही सांगितलेत?”

“तुमी इचारलं कुठं? मी बसले न्हाई तोवर लिवायलाच लागला.”

नवा अर्ज चार ओळींचा झाला. वार, वेळ, टेबल, गठ्ठा. ‘कृपया तेथे पाहावे, ही विनंती.’ विशेषण एकही नाही. असा उघडाबोडका अर्ज माझ्या हातून पूर्वी कधी गेला नव्हता, म्हणून मी बाहेर अस्वस्थ बसून राहिलो. अर्ध्या तासात बाई आल्या. गठ्ठा सोडताच मांजरीचे कागद वरच निघाले होते. दाखला सकाळी मिळणार होता.

त्यांनी माझे आभार मानले आणि बस गाठायला निघून गेल्या. वस्तुतः आभार मी मानायला हवे होते. तेव्हा ते सुचले नाही. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, असे त्यांच्या शेजारणीकडून कळले. तीही अर्जासाठीच आली होती. तिचे बोलणे संपेपर्यंत मी पेनाचे टोपण काढले नाही.